मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं

"अहो, हे तुमच्या लोकांना पेलायचं नाही. इथे राखीव जागा नसतात, बरं का."

सर हे हसत म्हणाले. मराठीत. भरल्या मीटिंगमध्ये.

बहरीनमधलं मोठं सरकारी विद्यापीठ. आमचा रसायनशास्त्र विभाग. लांब टेबल, त्यावर गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजूर. टेबलाभोवती बहरिनी, इजिप्तचे, जॉर्डनचे, केरळचे एक थॉमस सर. आणि मराठी आम्ही दोघंच. सर पुण्याचे, ज्येष्ठ प्राध्यापक. मी परभणीची, लेक्चरर.

एम.एस्सी.चा नवा कोर्स कोणाला द्यायचा, हा विषय होता. विभागप्रमुख डॉक्टर मरियम यांनी माझं नाव सुचवलं, कारण त्याचा अभ्यासक्रम मीच बांधला होता. त्याच क्षणी सरांनी माझ्याकडे वळून ते वाक्य टाकलं. मग सगळ्यांना इंग्रजीत म्हणाले, "मी तिला सांगतोय, जास्त ओझं घेऊ नकोस. घरी लहान मुलगी आहे."

सगळे कौतुकाने हसले. शेजारी बसलेले इजिप्तचे हातिम सर मला म्हणाले, "परदेशात आपल्या भाषेतलं माणूस भेटणं, नशीब लागतं."

मी मान हलवली. कोर्स सरांकडे गेला. माझ्याकडे पहिल्या वर्षाच्या लॅब आल्या. सगळ्या.

माझी जात सरांना कशी कळली? विचारून कळली. मी रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी गाव विचारलं. मग आडनाव. आडनावावरून नीट अंदाज येईना, तेव्हा विचारलं, "गावात घर कोणत्या बाजूला?" परभणीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न कळतो. मी सरळ उत्तर दिलं. लपवायचं काय त्यात?

नंतर त्यांनी घरी बोलावलं. मराठी मंडळी जमणार होती, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा होता. मी येसराची आमटी केली. गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमधून पातेलं फडक्यात बांधून, मांडीवर धरून टॅक्सीने नेलं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, गोड बोलल्या. "आई काय करायच्या तुमच्या?" मी सांगितलं. आई कॉलेजात झाडूकाम करायची. त्याच कॉलेजात मी बी.एस्सी. केलं. मला अभिमान होता, म्हणून सांगितलं.

जेवणं झाली. माझ्या पातेल्यावरचं झाकण कोणी उचललं नाही. निघताना वहिनींनीच ते माझ्या हातात दिलं. "खूप पदार्थ झाले ना, राहूनच गेलं."

लिफ्टमध्ये मुलगी म्हणाली, "मम्मा, दे डिडन्ट लाइक इट?" ती इथल्या इंग्रजी शाळेत जाते. मराठी समजतं तिला, बोलत नाही. मी म्हटलं, त्यांनी चाखलीच नाही गं. तिने पुढे विचारलं, "व्हाय?" मी लिफ्टचं बटण दाबत राहिले.

तर मीटिंगमधलं ते वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मीना सलमान बंदरावर जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तो फोरमन होता. काम कमी झालं तशी त्याची नोकरी गेली होती. तो आणि मुलगी आता माझ्या व्हिसावर होते. तो नांदेडचा. चिडला, मुठी आवळल्या, आणि मग सावकाश म्हणाला, "कशाला वाढवायलीस? खलास कर विषय. आपलं सगळं घर तुझ्या व्हिसावर हाय."

तो भित्रा नाही. त्याने हिशेब सांगितला, आणि हिशेब बरोबर होता. परदेशी शिक्षकांचं कॉन्ट्रॅक्ट यापुढे दरवर्षी तपासणार, अशी सूचना त्याच सेमिस्टरला आली होती. तासांचा बोजा वाढला होता. कॉरिडॉरमध्ये दोघं बोलत असले की तिसऱ्याला बघून गप्प व्हायचे. कोणाचं रिन्यू होणार, कोणाच्या जागी इथला माणूस येणार, दुसरं बोलणं नाही. इथली मुलं शिकून तयार झाली, त्यांनी आपल्या विद्यापीठात शिकवावं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझं रिन्यूअल ज्या कमिटीपुढे जाणार होतं, त्या कमिटीत सर होते.

म्हणून मी गप्प बसले. सर मात्र गप्प बसले नाहीत. त्यांना चटक लागली. चहाच्या मशीनपाशी, लॅबच्या दारात, विद्यार्थ्यांसमोर. नेहमी हसत, नेहमी मराठीत. एकदा मी त्यांच्या आधी कप भरला तर म्हणाले, "आता आम्हाला दुसरं मशीन बघावं लागणार." शेजारी उभ्या असलेल्या मुली हसल्या. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत.

माझ्या आईची भाषा. त्या भाषेत तिने मला वाढवलं, आणि त्याच भाषेत हा माणूस मला रोज मारत होता. तिथे उभं असताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला, हा हे इंग्रजीत का बोलत नाही? इंग्रजी फर्डं आहे त्याचं. तरी नाही बोलत. म्हणजे हे घाण आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. चारचौघांना कळलं तर आपली किंमत जाईल, हेही ठाऊक आहे. त्याचा सगळा जोर माझ्या गप्प बसण्यावर उभा होता.

कमिटीचा दिवस आला. तेच टेबल. डॉक्टर मरियम, हातिम सर, थॉमस सर आणि सर. मी वर्षभराचं काम सांगितलं. माझ्या प्रयोगांबद्दल हातिम सरांनी दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. सर खुर्चीत मागे रेलले. हसले.

"आभार माना, या टेबलाशी बसायला मिळतंय. तुमच्या आईने अशा खोल्या फक्त झाडल्या."

मी म्हटलं, "सर, हेच इंग्रजीत म्हणा."

"काही नाही, सहज बोललो."

"मग मी सांगते."

आणि मी सांगितलं. शब्दाला शब्द. मग मागच्या मीटिंगमधलं वाक्य सांगितलं, चहाच्या मशीनपाशी बोलले ते सांगितलं. तुमच्या लोकांना म्हणजे कोणाला, तेही सांगितलं. जात म्हणजे काय हे बहरीनच्या माणसांना समजावताना माझा आवाज कापत होता. कापू दिला.

हातिम सरांनी पेन खाली ठेवलं. थॉमस सर टेबलाकडे बघत राहिले. ते भारतीय. त्यांना समजावायची गरज नव्हती, आणि ते एक शब्द बोलले नाहीत. तेही मी लक्षात ठेवलंय.

डॉक्टर मरियम यांनी सरांना विचारलं, "तुम्ही हे म्हणालात?"

"आमच्याकडची थट्टा आहे, डॉक्टर. भाषांतरात चव जाते."

डॉक्टर मरियम यांनी समोरची फाईल मिटली. मग मला म्हणाल्या, "हा तुम्हा भारतीयांचा आपसातला विषय दिसतो. तुम्ही दोघांनी बाहेर बोलून घ्यावं."

"नाही," मी म्हटलं. "हे तुमच्या टेबलावर बोललं गेलंय. माझ्या नोकरीचा निर्णय होताना बोललं गेलंय. हा तुमचा विषय आहे."

मी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली. माझ्या नावाने, आईच्या कामाच्या उल्लेखासकट.

मग वहिनींचा फोन आला. "ताई, मिटवून टाका ना. परक्या देशात आपल्या माणसांचं हसं कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही मला आपलं कधी धरलंत, वहिनी?" फोन कट झाला. मराठी मंडळींच्या ग्रुपमधून मला त्याच आठवड्यात काढलं.

मुलीला मी समोर बसवलं. आजी काय करायची, आपली जात कोणती, आमटी कोणी का चाखली नाही, सगळं मराठीत सांगितलं. ती रडली नाही. रागावली. बरं वाटलं.

कॉन्ट्रॅक्ट वर्षाऐवजी एका सेमिस्टरचं झालं. कारण कोणी लिहून दिलं नाही. नवरा आता दुकानादुकानात काम विचारत फिरतो. "माझ्यामुळं मागं हटू नको," एवढंच म्हणाला.

गेल्या आठवड्यात डॉक्टर मरियम यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "चौकशी सुरू झाली तर विभागाचं नाव खराब होईल. त्यांनी तुमची खासगीत माफी मागितली, तर तक्रार मागे घ्याल? पुढच्या रिन्यूअलचं मी बघते."

मी उभीच होते.

"माफी त्यांनी सगळ्यांसमोर मागायची," मी म्हटलं. "आणि ती मागितली तरी तक्रार राहील."