दुसऱ्याच्या मेंढ्या

पिंपळनेरजवळच्या माळावर भेटलेल्या त्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं नाव मी विचारलंच नाही. 'लांडगे वाचवा'ची पत्रकं वाटणाऱ्या आम्हा लोकांना नावापेक्षा श्रोता हवा असतो! सकाळीच लांडग्याने त्याची मेंढी फाडली होती आणि शेजारचा शेतकरी 'मढ्यात घाल' म्हणून विषाची पुडी देऊन गेला होता. मी तापलो. पत्रकातली कथाच वाचून दाखवली: वेदातल्या ऋज्राश्वाने भुकेल्या लांडगीला शंभर मेंढ्या दिल्या, चिडलेल्या बापाने त्याला आंधळं केलं, मग लांडगीच्या हाकेला धावून अश्विनीकुमारांनी त्याचे डोळे परत दिले.

तो टकळीवर लोकर कातत ऐकत होता. टकळी न थांबवता हसला.

"मेंढ्या बापन्या, दान पोऱ्यानं. मंग बाप चिडीनच ना, भाऊ!"

"म्हणजे तुम्ही विष घालणार, आबा?"

"खंडोबाना कुत्रा शे तो लांडगा." त्याने पुडी माझ्या हातात दिली, फाडलेली मेंढी लांडग्यासाठी तिथेच राहू दिली. "हाई मेंढी मनी. दान बी मनं."

मेंढी त्याची, म्हणून दानही त्याचं; मी मात्र दुसऱ्याच्याच मेंढ्या दान करत फिरत होतो. मी शरमलो. आता माळावर पत्रकं वाटत नाही. ती पुडी वनखात्याच्या टेबलावर ठेवली आणि दर सोमवारी तिथेच उभा असतो. लांडगा सगळ्यांचा, तर मेंढीचं नुकसान एकट्या मेंढपाळाचंच का? उत्तर घेतल्याशिवाय हटणार नाही.