पोंगलपर्यंत रस्त्यावर

शोळिंगनल्लूरला आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ मूळचे नगरचे. ओरगडमच्या कारखान्यात ते दिवसभर नव्या गाड्या जोडत आणि घरी आल्यावर एक जुनी व्हॅन खोलत. खोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जोडायचा योग मात्र येत नसे. व्हॅन फाटकातच जॅकवर चढवलेली, चाकं गॅलरीत, गिअरबॉक्स जिन्याखाली आणि पिस्टन रॉकेलमध्ये बुडवून इडलीच्या भांड्यात. विचारलं की ते खुशीत म्हणत, "बस, पोंगलपर्यंत रस्त्यावर!" कोणता पोंगल, ते सांगत नसत.

एका सकाळी त्यांच्या सासूबाईंच्या छातीत कळा येऊ लागल्या. ॲम्ब्युलन्स आली, पण व्हॅन आडवी असल्यामुळे स्ट्रेचर आत जाईना. शेवटी ड्रायव्हरने आणि मी म्हातारीला खुर्चीत बसवून भिंतीलगतच्या फटीतून कसंबसं बाहेर काढलं. "सावकाश, सावकाश!" गृहस्थ कळवळून ओरडले. त्यांची माया पाहून मला बरं वाटलं. मग ते वाकले आणि माझ्या पायाजवळचा कार्ब्युरेटर उचलून त्यांनी छातीशी धरला. त्यांच्या बायकोने ते पाहिलं.

सासूबाई वाचल्या. बायको त्यांना घेऊन दवाखान्यातून परस्पर अड्यारला भावाकडे गेली, ती परतलीच नाही. महिन्याभराने गृहस्थ कुंपणापाशी आले. मी मनातल्या मनात धीराचे चार शब्द जुळवू लागलो.

"अहो, मधली खोली रिकामी झालीय," ते म्हणाले. "इंजिन आत घेऊ या. जरा हात लावता?"