माझ्या अल्बममधली ती चाल कुणाची?

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय.

गेल्या आठवड्यात माझा 'निओ सोल' या पाश्चात्त्य शैलीतल्या गाण्यांचा अल्बम आला. कंपनी नाही, निर्माता नाही. 'शब्द, चाल, आवाज, सगळं माझं एकटीचं' असं इथंच मिरवलं होतं मी.

आई भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात कांड्यांवर, म्हणजे मागाच्या छोट्या रिळांवर, सूत भरते. तिथला खडखडाट मला तालासाठी हवा होता. म्हणून वर्षापूर्वी, साडीवर ती जो शर्ट घालते त्याच्या खिशात मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता. त्या तालावरच अल्बममधलं दुसरं गाणं उभं राहिलं.

आज तिच्या शेजारच्या मशीनवरच्या लक्ष्मीअक्कांना ते ऐकवलं. त्या हसल्या. "हे तर तुझ्या आईचं गाणं की गं. लई वर्षं ऐकतेय मी."

मी चिडलेच. चाल माझी आहे, म्हटलं!

घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं आणि हबकले. खडखडाटाच्या खाली आई गुणगुणतेय. तीच चाल, शेवटच्या हरकतीसकट! ताल बसवताना महिनाभर हेच कानात घालून बसले होते मी.

आईला विचारलं, तू गातेस हे कधी बोलली नाहीस?

"गाते कुठलं? त्या आवाजात कुणाला ऐकू जातंय, म्हणून गुणगुणायचं आपलं."

अल्बमवर त्या गाण्यापुढे 'चाल: आई' असं आत्ताच टाकलं. पण मला एक सांगा, मशीनच्या खडखडाटात रोज गाणारी माझी आई घरात एकदाही का गायली नाही?