डावा खिसा

बोरगाव मेघेतल्या आमच्या टेलरला गिऱ्हाइकाचा चेहरा आठवत नाही, छातीचं माप आठवतं. कानावर खडू ठेवून तो माणसापेक्षा कापडाशीच जास्त बोलतो.

"यावेळी खिसा उजवीकडे लावा," मी म्हटलं. "डावीकडे पेन टोचून गाठ आली." हे निदान माझंच. त्यापायी मी तीन पेनं बदलली होती.

टेप छातीवर थांबली. "पेनानं गाठ नाई येत, गुरुजी. माह्या मामानं अशीच लपवली होती. दाखवून या, मंग कापतो."

"छातीचा कॅन्सर? तो बायकांचा आजार."

"तुमाले छाती नाई का?" म्हणत त्यानं माझं कापड कपाटात कोंडून कुलूप लावलं.

कापड सुटावं म्हणून मी दवाखान्यात गेलो. बाकावर सगळ्या बायका. प्रत्येकीला सांगत होतो, "सौ.ला आणलंय." तेवढ्यात नर्सनं माझंच नाव पुकारलं.

सुईच्या तपासणीत स्तनाचा कॅन्सर निघाला, पण वेळेत. ऑपरेशन झालं, आता रोज एक गोळी असते.

परवा शर्ट मिळाला. खिसा डावीकडेच होता, आणि खोलगट झालेल्या जागी आतून मऊ अस्तर.

"उजवीकडे सांगितला होता."

"तवा टोचत होतं," तो कापडाकडे पाहत म्हणाला. "लावा पेन."

लावलं. टोचलं नाही.