पान की पंगत

परीक्षकांचा शेरा वाचला आणि माझं डोकंच फिरलं. एकच ओळ होती: ‘पानं मिटतात हे कशावरून?’ तोंडी परीक्षा तोंडावर आलेली. हे भोक बुजवलं नाही, तर प्रबंध परत आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

मी अवसरी खुर्दला कॉलेजात गणित शिकवते. माझा विषय सिंप्लेक्टिक भूमिती. नाव अवघड, गोष्ट तशी साधी. एका बहुमितीय पृष्ठभागावर आपोआप वाटा आखलेल्या असतात, प्रत्येक बिंदू कुठल्या तरी एका वाटेवर. त्या वाटेला इंग्रजीत लीफ म्हणतात, म्हणून मी आपली मनातल्या मनात पान म्हणत आले. आता सगळ्या जागेलाच जरा धक्का द्या. बिंदू हलतात, बरेचसे पृष्ठभागावरूनच सुटतात. माझा दावा असा, की एक तरी बिंदू हलूनही आपल्याच पानावर राहतो. पण सिद्धतेत मी धरून चालले होते, की प्रत्येक पान फिरून स्वतःला येऊन मिळतं, म्हणजेच मिटतं. का धरलं? विचारूच नका! मला ते दिसायचंच तसं.

त्याच आठवड्यात माहेरी पिंपळवंडीला घरचं लग्न. तणतणतच गेले. दुपारी पंगत बसली, मी बुंदी वाढत होते. माझा धाकटा चुलतभाऊ फोन आला म्हणून पानावरून उठला. परत येतो तर त्याच्या जागी कुणी पावणं बसलेलं. तो आपला चार माणसं सोडून पुढं जाऊन बसला.

मी म्हटलं, ‘अरे, तुझं पान तिकडं होतं ना?’

‘पान गेलं तर जाऊ दे की ताई! पंगत तर तीच हाय. तू बुंदी वाढ.’

मी भांडं घेऊन तशीच उभी. अगं बाई! लीफ म्हणजे पान नव्हेच, ती पंगत! पानाला कड असते, ते एका नजरेत मावतं, म्हणून मी ते खुशाल मिटवून टाकलं होतं. पंगत मांडवाबाहेर कुठवर जाते याच्याशी मला काय करायचंय? उठलेला माणूस तिच्यात किती लांब जाऊन बसला, तेवढंच मोजायचं. आणि धक्का लहान असेल तर ते अंतरही आटोक्यात राहायला हवं. आनंदाच्या भरात मी भावाच्या पानात एवढी बुंदी ओतली, की ती वरणात पोहायला लागली.

ते अंतर आटोक्यात राहतं हे सिद्ध करताना मात्र घाम फुटला. चुकले, कागद फाडले, मार्गदर्शक सरांशी फोनवर कडाकडा भांडले. आणि जमलं!

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तोच प्रश्न काढला. ‘पानं मिटली नाहीत तर?’

‘न मिटू देत, सर,’ मी म्हटलं, आणि फळाभर ते अंतर मोजून दाखवलं. त्यांनी उठून फळ्यावरची एकेक ओळ तपासली. मग म्हणाले, ‘आणि धक्का मोठा असेल तर?’

आमचे सर खुर्चीत चुळबुळले. मी अजिबात नाही.

‘मग कदाचित एकही बिंदू सापडणार नाही, सर. तिथं माझं प्रमेय काही बोलत नाही.’

‘तुमचं प्रमेय,’ ते म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं.