जागच्या जागी असलेले हात

सिंगापूरला येऊन मला जेमतेम काही महिने झाले होते. आमचा टीम लीड मुंबईचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. पहिल्याच दिवशी जेवताना "तू पुण्यात कुठली गं?" असं सरळ विचारलं त्याने, आणि परक्या ऑफिसात मला बरं वाटलं होतं. मग एका सोमवारी तोच माणूस अचानक माझ्याशी अहो-जाहो करायला लागला.

संध्याकाळी बेडोक भागातल्या आमच्या फ्लॅटवर नवऱ्याला सांगितलं. तोही प्रोग्रॅमरच. "मान देतोय, घे की," म्हणाला.

मला ते पटेना. मी घरून काम करत असले की लीड कॉलवर कॅमेरा चालूच ठेवायला सांगायचा. स्क्रीन शेअर केली की म्हणायचा, "थांबा, आता काय निवडलंत? परत करा बघू." एकदा ऑफिसात कॉफी घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मिस्टरही घरूनच काम करतात का?"

माझा वर्क पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू व्हायचा होता. हा माझ्याविरुद्ध काहीतरी जमवतोय, अशी माझी खात्री होत चालली. स्क्रीन काळी झाली की मी तिच्यात बघायचे, मागे उभा तर नाही ना.

शेवटी त्याने मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. "लॅपटॉप आणा. थोडा कोड लिहा, माझ्यासमोर." शेजारी बसला, पण नजर स्क्रीनवर नाही, माझ्या हातांवर.

मी तीन-चार अक्षरं टाईप केली. खाली सुचवलेल्या शब्दांची यादी उघडली. मी चौथ्या शब्दावर गेले आणि तो घेतला.

"हेच! हात हललाच नाही तुमचा."

"कुठे हलवायचा?"

"बाणाच्या बटणांकडे! कॅमेऱ्यातसुद्धा तुमचं कोपर जागचं हलत नाही, आणि इकडे यादी खाली-वर होत असते. मला वाटलं, लांबून दुसरंच कोणीतरी टाईप करतंय."

"दुसरं कोण?"

"तुमचे मिस्टर..." तो पुटपुटला. मला कळायचं ते कळलं.

राग गिळून मी दाखवलं. सारखा हात बाणांकडे नेऊन पुण्यात असतानाच माझं मनगट दुखायला लागलं होतं, म्हणून कॅप्स लॉकला मी कंट्रोलचं काम दिलं होतं. डाव्या करंगळीने ते दाबून धरायचं. मग 'जे' हे अक्षर दाबलं की यादीत खाली, 'के' दाबलं की वर, 'एल' दाबलं की शब्द घेतला. बोटं मधल्या ओळीवरून उठवायचीच नाहीत.

त्याने करून बघितलं. दोनदा यादीच गायब झाली, मग जमलं. "अरे, भारी आहे हे! मला पण लावून दे ना."

दिलं लावून. पुढे पासही रिन्यू झाला. घरी नवरा खो खो हसला. "म्हणजे तुझा पगार मी कमावतो तर!" मला काही हसू आलं नाही.

माझ्या शेजारच्या डेस्कवरचा सहकारीसुद्धा बाणांना हात लावत नाही. त्याची बायको घरी काय करते, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. एकदा हॉकर सेंटरमध्ये जेवताना मी लीडला हे तोंडावर बोलून दाखवलं.

"त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही," म्हणाला.

असेलही तसं. पण महिन्याभरात मी दुसऱ्या टीममध्ये जागा मागून घेतली.