झेनॉनचे सोवळे

सोलापुरातील ज्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, तिच्या प्रयोगशाळेत मूलद्रव्यांचा एक मोठा तक्ता टांगलेला होता. सत्तरच्या दशकातील एका आषाढात विज्ञानाच्या मास्तरांनी तो मला समजावून दिला. मास्तर मोडनिंबचे; दुपारचा चहा आम्ही नेहमी बरोबरच घेत असू.

"ही पंगत समजा, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "पानं अणुक्रमांकानं मांडायची. ओळ भरली की पुढचा पाहुणा खालच्या ओळीत, पहिल्या पानावर. आता उभं बघा. लिथियमच्या खाली सोडियम, त्याच्याखाली पोटॅशियम. तिघंबी पाण्याला भिडणारे. उभ्या रांगेत सगळे एका स्वभावाचे."

मी विस्मयाने पाहत राहिलो. क्रम लावावा आणि त्यातून स्वभाव आपोआप खाली खाली उतरत जावा, ही मला ईश्वराचीच रचना वाटली. उजवीकडच्या शेवटच्या रांगेवर बोट ठेवून मी विचारले, "आणि हे?"

"ते सोवळ्यातले. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. कुणाला शिवत न्हाईत, कुणाशी संयोग न्हाई."

त्या चातुर्मासात शुक्रवार पेठेतील देवळात माझे प्रवचन होते. विषय निःसंग पुरुषाची लक्षणे. याहून चांगला दृष्टांत कोणता मिळणार? तरीही मी मास्तरांना स्पष्ट विचारले, "यास काही अपवाद असेल तर आत्ताच सांगा. देवासमोर बसून मी असत्य बोलणार नाही."

"बिनधास्त सांगा की," मास्तर म्हणाले.

मी सांगू लागलो. संसाराच्या पंगतीत बसूनही कोणाच्या पानाला हात न लावणारा झेनॉन श्रोत्यांना आवडला. मास्तरही संध्याकाळी येत, मागच्या बाजूस बसून ऐकत. विज्ञानाचा माणूस देवळात येतो, याचा मला फार आनंद होई.

पुढे एका दुपारी मी शिक्षकांच्या खोलीकडे गेलो, तो आतून माझाच स्वर ऐकू आला. मास्तर माझी नक्कल करीत होते. "'श्रोतेहो, झेनॉन कोणासही शिवत नाही!' अहो, त्याला फ्लोरिननं बाटवून दहा-बारा वर्षं झाली. तिकडं प्रयोगशाळेत संयुग झालंय. सोवळं कधीच सुटलंय त्याचं!"

हशा ओसरल्यावर चित्रकलेच्या शिक्षकांनी विचारले, "मग बुवांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर चातुर्मासभर ही करमणूक झाली असती व्हय?"

मी उंबरा ओलांडला. सर्वांच्या माना खाली गेल्या.

"तुम्हांला हे ठाऊक होते?" मी विचारले.

"शाळेच्या पुस्तकात अजून निष्क्रियच हाय की," मास्तर चाचरत म्हणाले. "परीक्षेला तेच लिहायचं."

"मी परीक्षेसाठी विचारले नव्हते."

त्या संध्याकाळी प्रवचनाच्या आरंभीच मी श्रोत्यांची क्षमा मागितली आणि खरी गोष्ट सांगितली. पुढे बसलेले एक तेलाचे व्यापारी उद्गारले, "म्हंजे संगत वाईट म्हणायची की, बुवा!" सगळे हसले, मीही हसलो. चूक तिथल्या तिथे फिटली. झेनॉनविषयी माझी तक्रार नव्हती. त्याने मला कोणतेच वचन दिले नव्हते.

मास्तर देवळात येत होते ते कशासाठी, हे मात्र आता मला उमगले होते.

चार दिवसांनी ते पुन्हा आले आणि आपल्या जागी बसले. त्यांच्या ओठांवर काहीतरी होते. ते हसू होते की खंत, हे मला ठरविता येईना, आणि माझ्या तोंडचे वाक्य अर्धेच राहिले. मग शेजारी बसलेल्यांच्या मुद्राही मी न्याहाळू लागलो. हे तरी ऐकावयासच आले आहेत काय? अखेर मी डोळे मिटले आणि प्रवचन पुरे केले.

तेव्हापासून मी डोळे मिटूनच बोलतो. लोक मोठ्या भक्तिभावाने म्हणतात, बुवांची समाधी लागते.